परदेशी शिकणाऱ्या आपल्या मुलांचे ताट

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातील आपल्या धर्मग्रामांतून दरवर्षी कितीतरी युवक-युवती उच्च शिक्षणासाठी परदेशी जातात. कुणी कॅनडाला, कुणी जर्मनीला, कुणी आयर्लंड वा इंग्लंडला. निघण्यापूर्वी ते आशीर्वादासाठी धर्मगुरूंकडे येतात. सोबत आईवडील असतात आणि त्यांच्या बोलण्यातून घरच्या काळज्या उमटत राहतात. कर्जाचा हप्ता, राहण्याची जागा, तिकडची थंडी, जवळपास रविवारची मिस्सा मिळेल की नाही. खाण्यापिण्याचा विषय मात्र बहुधा एका वाक्यात संपतो. ‘फराळाचे भरपूर बांधून दिले आहे, फादर.’

हे बांधून दिलेले किती दिवस पुरणार? महिना, फार तर दीड महिना. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत मूल काय खाणार, केव्हा खाणार आणि कुणाबरोबर खाणार, याचा विचार निघण्यापूर्वी फारच थोड्या घरांत होतो. नव्या देशात गेलेल्या विद्यार्थ्याची प्रकृती ढासळते तेव्हा आपण तिकडच्या अन्नाला दोष देऊन मोकळे होतो. आमच्या मते दोष बहुतेक वेळा त्या अन्नाचा नसतो. घरी असताना जेवणाभोवती जी एक व्यवस्था होती, ठरलेली वेळ, सोबत आणि विचारणारे माणूस, ती तुटते आणि तिच्या जागी दुसरी उभी राहात नाही, हे खरे कारण आहे. ही व्यवस्था नव्याने उभी करता येते. त्यासाठी घराने आणि धर्मग्रामाने काय करावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

कल्याणची आनंदीबाई

या विषयाचे सर्वांत जुने आणि सर्वांत हृदयद्रावक उदाहरण आपल्या कल्याणचेच आहे. ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणात यमुना जोशी या मुलीचा जन्म झाला. नवव्या वर्षी टपाल खात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी तिचा विवाह झाला आणि ती आनंदीबाई झाली. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला. तो दहा दिवसच जगला. वैद्यकीय मदत नसल्याने आपले बाळ गेले, या जाणिवेतून तिने डॉक्टर होण्याचे ठरविले. पुढची कथा मराठी वाचकांना कादंबरीतून आणि २०१९ साली आलेल्या ‘आनंदी गोपाळ’ चित्रपटातून परिचित आहे.

गोपाळरावांनी १८८० मध्ये अमेरिकेतील मिशनरी रॉयल वाइल्डर यांना मदतीसाठी पत्र लिहिले. वाइल्डर यांनी ते आपल्या नियतकालिकात छापले, पण ख्रिस्ती होण्याचा सल्ला जोडून. मदतीचा हात पुढे करताना असा सल्ला जोडणे आम्हांस आजही प्रशस्त वाटत नाही. सुदैवाने न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडोसिया कार्पेंटर या बाईंनी दंतवैद्याकडे वाट पाहताना ते पत्र वाचले आणि कोणतीही अट न घालता आनंदीबाईंना पत्र पाठविले. एप्रिल १८८३ मध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनच्या आरंभी न्यूयॉर्कला उतरल्या. उन्हाळा त्यांनी कार्पेंटरबाईंच्या घरी काढला. त्या कार्पेंटरबाईंना मावशी म्हणत. शरद ऋतूत त्या फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात दाखल झाल्या.

हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे त्यांनी निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या जाहीर सभेत सांगितले होते. ते वचन त्यांनी ताटातही पाळले आणि वेषातही. मांसाहार वर्ज्य. अंगावर साडी. फिलाडेल्फियाच्या हिवाळ्यात राहायला मिळालेली खोली अशी, की शेगडी पेटविली तर धूर कोंडे आणि विझविली तर थंडी. अठरा वर्षांची मुलगी, दिवसभर अभ्यास, ओळखीचे धान्य नाही, ओळखीची भाजी नाही, आणि मावशीचे घर दुसऱ्या राज्यात. त्यांची प्रकृती पुन्हापुन्हा बिघडत गेली. तरीही ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी पदवी मिळविली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाची जागा त्यांची वाट पाहात होती. त्या जागेवर त्या रुजू होऊ शकल्या नाहीत. नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या मायदेशी परतल्या त्या क्षयाने पोखरलेल्या अवस्थेत, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आली आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवण्यात आली.

‘मांसाहार केला असता तर वाचली असती,’ असे कुणी म्हणते तेव्हा आम्हांस ते अन्यायाचे वाटते. क्षय जंतूमुळे होतो. रॉबर्ट कॉख यांनी हा जंतू मार्च १८८२ मध्ये, म्हणजे आनंदीबाई निघण्याच्या अवघे एक वर्ष आधी, जगासमोर आणला होता. त्यावर औषध सापडायला आणखी साठ वर्षे लागली. मांस खाणारेही त्या काळी क्षयाने मोठ्या संख्येने जात होते. मात्र अपुऱ्या पोषणामुळे शरीराची प्रतिकारशक्ती घटते आणि क्षयाला वाट मोकळी होते, हे आता नि:संशय सिद्ध झाले आहे. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरच्या मंडळींना पोषक शिधा देऊन एक मोठा अभ्यास करण्यात आला. २०२३ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या घरांना जादा शिधा मिळाला तेथे नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी आणि संसर्गजन्य क्षयाचे प्रमाण सुमारे ४८ टक्क्यांनी घटले. औषध तेच, घर तेच. फरक शिध्याचा.

आनंदीबाई वैद्यकाच्या महाविद्यालयात होत्या, तरी त्यांच्या जेवणात नेमके काय कमी पडते आहे हे तेथील कुणीही सांगू शकले नसते. ‘व्हिटॅमिन’ हा शब्दच १९१२ साली जन्माला आला. ड जीवनसत्त्वाची ओळख १९२०च्या दशकात पटली आणि ब-१२ हे जीवनसत्त्व १९४८ मध्ये हाती लागले. आज ही सारी माहिती शाळेच्या पुस्तकात आहे. इंग्लंडला सहा महिन्यांहून अधिक काळासाठी जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याला व्हिसासाठी क्षयाची तपासणी करून घ्यावी लागते. कॅनडाच्या वैद्यकीय तपासणीतही छातीचा एक्स-रे असतो. म्हणजे मूल निरोगी निघते, याची सरकार खात्री करून घेते. ते निरोगी राहील, याची खात्री मात्र कुणालाच करून घेता येत नाही.

टेबलावरची सोबत

त्याच १८८३ साली आणखी एक मराठी विदुषी परदेशी गेली. पंडिता रमाबाई इंग्लंडमधील वाँटेज येथे अँग्लिकन पंथाच्या भगिनींच्या मठात राहिल्या आणि त्या वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. धर्म बदलला तरी त्यांनी शाकाहार सोडला नाही आणि त्यावरून मठात वादही झाले. खाण्याच्या सवयी आणि श्रद्धा या दोन गोष्टी एक नाहीत, हे त्यांनी गुरुस्थानी असलेल्या भगिनींना ठामपणे सांगितले. आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभाला त्या मुद्दाम अमेरिकेत गेल्या होत्या. पुढे त्या १९२२ पर्यंत जगल्या. दोन व्यक्तींच्या आयुष्यावरून नियम काढता येत नाही, हे आम्ही जाणतो. पण एक गोष्ट नजरेतून सुटत नाही. रमाबाईंच्या वाट्याला वाद घालायला का होईना, जेवणाच्या टेबलावर माणसे होती.

पाच वर्षांनी, १८८८ मध्ये, मोहनदास गांधी हे एकोणीस वर्षांचे विद्यार्थी लंडनला पोहोचले. आईला दिलेल्या वचनामुळे मांस वर्ज्य. घरमालकिणीच्या मुली आग्रहाने पावाचे एक-दोन तुकडे जास्त वाढीत, पण भूक अख्ख्या पावाची असे आणि मागण्याची लाज वाटे. अनेक दिवस अर्धपोटी काढल्यावर पायपीट करता करता त्यांना फॅरिंग्डन मार्गावर एक शाकाहारी उपाहारगृह सापडले आणि इंग्लंडमध्ये आल्यानंतर प्रथमच ते पोटभर जेवले. पुढे खोलीवरच ओटची लापशी आणि कोको करून ते न्याहारी भागवू लागले. शाकाहारी मंडळींच्या संस्थेत ते कार्यकारिणीवर गेले आणि तेथे मित्रही मिळाले. गुजराती लेखक नारायण हेमचंद्र यांनी लंडनमध्ये कोठूनतरी मूग पैदा केले, शिजविले आणि गांधींच्या खोलीवर आणून दिले, ही हकीकत गांधींनी आत्मकथेत मोठ्या आवडीने नोंदविली आहे. त्यानंतर दोघांची आपापल्या पदार्थांची देवाणघेवाण सुरू झाली. ही आठवण आम्हांस फार बोलकी वाटते. प्रश्न सुटला तो उपाहारगृहाचा पत्ता, स्वतः शिजविण्याची सवय आणि वाटून खाणारा सोबती, हे तिन्ही मिळाल्यावर.

डोंबिवलीच्या घरातून ब्रॅम्प्टनच्या तळघरात

आजच्या विद्यार्थ्याची अडचण वेगळी आहे. टोरोंटो वा लंडनमध्ये तूरडाळ, पोहे, हिंग, कढीपत्ता सर्व मिळते. उणीव आहे ती वेळेची, पैशाची आणि हाताच्या सवयीची.

सवयीचे आधी पाहू. आपला हा सारा पट्टा लोकलच्या वेळापत्रकावर जगतो. सकाळी आई आणि वडील दोघेही गाडी पकडतात, रात्री थकून परततात. डोंबिवलीत गल्लोगल्ली पोळी-भाजी केंद्रे उभी राहिली ती याच गरजेतून आणि त्यांनी अनेक घरांना तसेच अनेक कष्टाळू भगिनींना आधार दिला. त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. पण या व्यवस्थेत वाढलेला मुलगा किंवा मुलगी वीस-बावीस वर्षांची होईपर्यंत कुकरची शिट्टी मोजण्यापलीकडे जात नाही. दहावीची, बारावीची, पदवीची परीक्षा असल्याने ‘तू अभ्यास कर, स्वयंपाकघरात येऊ नकोस’ हे वाक्य आपणच त्यांना वर्षानुवर्षे ऐकविलेले असते. मुलगे तर त्या खोलीत पाहुण्यासारखेच वावरतात. मग एके दिवशी हे मूल चौघा-पाचजणांनी भाड्याने घेतलेल्या तळघरात पोहोचते. तेथे एक चूल, एक फ्रीज आणि प्रत्येकाच्या वाट्याला त्यातील एक कप्पा असतो.

पैशाची स्थिती अधिक कठीण. विद्यार्थ्याने वर्षभराच्या निर्वाहासाठी दाखवावयाची रक्कम कॅनडा सरकारने वर्षानुवर्षे १०,००० डॉलर ठेवली होती. १ जानेवारी २०२४ पासून ती २०,६३५ डॉलर करण्यात आली, कारण जुन्या रकमेत भागत नाही हे सरकारलाही मान्य करावे लागले. दरम्यान घरभाडे भागविल्यावर कात्री लावता येईल असा खर्च एकच उरतो, तो जेवणाचा. कर्ज काढून गेलेले मूल भाडे चुकवीत नाही, शुल्क चुकवीत नाही, जेवण चुकविते. २०२३ साली ब्रॅम्प्टनमधील एका अन्नपेढीने परदेशी विद्यार्थ्यांना शिधा देणे थांबविल्याची बातमी गाजली. पुढच्या वर्षी व्हँकुव्हरच्या अन्नपेढीनेही पहिल्या वर्षाच्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी दार बंद केले. ज्या देशात आपण मुले पाठवितो तेथे ती अन्नपेढीच्या रांगेत उभी राहतात, हेच अनेक पालकांना ठाऊक नसते. मुले सांगत नाहीत.

आणि वेळ. नोव्हेंबर २०२४ पासून कॅनडाने विद्यार्थ्यांना सत्र चालू असताना आठवड्याला २४ तास बाहेर काम करण्याची मुभा दिली. गोदामात वा पेट्रोलपंपावर रात्रपाळी करून सकाळी वर्गात बसणारे मूल कॉफी, चिप्स आणि शक्तिवर्धक पेयाच्या डब्यावर दिवस ढकलते. अशा २५० मिलिलिटरच्या डब्यात साधारणपणे ८० मिलिग्रॅम कॅफीन आणि २७ ग्रॅमच्या आसपास साखर असते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला सुमारे २५ ग्रॅम वरच्या साखरेवर थांबणे अधिक हितकारक मानते. म्हणजे एका डब्यातच दिवसाचा वाटा संपला. काही मुले सुकतात, काही वर्षभरात सुजल्यासारखी जाड होतात. फोनवर आपण एकाला ‘वाळलास’ आणि दुसऱ्याला ‘तब्येत सुधारली’ म्हणतो. दोघांचे कारण एकच असते.

तारली, मसूर आणि गोठविलेला पालक

काय खावे, हा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही. कॅनडाने २०१९ मध्ये आपल्या नागरिकांसाठी जे आहारमार्गदर्शन काढले त्यात ताटाचे चित्र आहे. अर्धे ताट भाज्या आणि फळे, पाव ताट धान्य, पाव ताट प्रथिने, आणि प्यायला पाणी. आपल्या वरण-भात-भाजी-कोशिंबिरीच्या ताटापासून हे फार दूर नाही. फक्त आपला भाताचा डोंगर अर्ध्यावर आणून भाजीला जागा द्यावी लागते. दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाज्या व फळे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाण आहे.

ताजी भाजी तिकडे महाग, विशेषतः हिवाळ्यात. जांभळी नाक्यावर पिशवी भरून भाजी आणणाऱ्या आईला गोठविलेली भाजी शिळी वाटते. वस्तुतः मटार, पालक, घेवडा या भाज्या तोडल्यानंतर लवकरच गोठविल्या जातात आणि त्यांचे पोषण बहुतांशी टिकून राहते. किंमत कमी, निवडण्याचा वेळ वाचतो, वाया काही जात नाही. मुलीने ‘फ्रोझन पालक घातला’ असे सांगितले तर हळहळू नये.

मसुराची डाळ कोणत्याही साध्या दुकानात मिळते, भिजवावी लागत नाही आणि पंधरा-वीस मिनिटांत शिजते. डब्यातले छोले धुऊन घेतले तर त्यातील मीठही बरेच निघून जाते. अंडी बहुतेक देशांत स्वस्त प्रथिनांत मोडतात. मासळीवर वाढलेल्या आपल्या ठाण्या-वसईकडच्या मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. डब्यात बंद मिळणारे सार्डिन म्हणजे आपल्या तारलीचेच भाऊबंद, आणि मॅकरेल म्हणजे बांगड्याच्या गोत्यातले. हे डबे परदेशी दुकानांत सर्वांत स्वस्त मासळीत मोडतात. कांदा, टोमॅटो, चिंच आणि घरचा बाटली मसाला घालून दहा मिनिटांत कालवण होते. या मासळीत ड जीवनसत्त्व असते आणि काट्यासकट खाल्ली तर कॅल्शियमही मिळते. बाटली मसाला मुलांबरोबर पाठविणाऱ्या आपल्या ईस्ट इंडियन भगिनींनी त्या मसाल्यात काय शिजवावयाचे, हेही जोडीला शिकवावे.

ड जीवनसत्त्वाचे थोडे विस्ताराने सांगावयास हवे. कल्याण विषुववृत्तापासून १९ अंशांवर आहे, टोरोंटो जवळजवळ ४४, लंडन ५१ आणि बर्लिन ५२ अंशांवर. तिकडे हिवाळ्यात सूर्य इतका तिरपा असतो की, त्वचेत हे जीवनसत्त्व पुरेसे तयार होत नाही. त्यातून आपली सावळी कांती आणि अंगभर कपडे. म्हणून ब्रिटनची आरोग्यसेवा तेथील सर्वांनाच शरद आणि हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० एकक, ड जीवनसत्त्व घेण्याचा विचार करावा असे सांगते आणि सावळ्या वर्णाच्या माणसांना वर्षभर. अंग दुखणे, सतत थकवा, उदास वाटणे या तक्रारी मूल घराच्या आठवणीने करते असे समजून आपण धीर देत राहतो, आणि तिकडे रक्ततपासणीत कमतरता निघते. शाकाहारी मुलांनी ब-१२ चेही भान ठेवावे. ते नैसर्गिकरीत्या दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतूनच मिळते. दुधाऐवजी ओट वा बदामाचे ‘दूध’ घेणाऱ्याने त्यात ते मिसळले आहे की नाही हे डब्यावर वाचावे. निघण्यापूर्वी येथेच हिमोग्लोबिन, ब-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्यावे आणि गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. मुलींच्या बाबतीत ही तपासणी टाळूच नये.

मिठाची एक लहानशी गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. भारतात खाण्यासाठी विकल्या जाणाऱ्या मिठात आयोडीन असणे बंधनकारक आहे. इंग्लंडमध्ये दुकानातले साधे मीठ बहुधा आयोडीनयुक्त नसते. तेथील लोकांना ते मुख्यतः दूध आणि मासळीतून मिळते. दूधही नाही आणि मासळीही नाही, अशा विद्यार्थ्याने आयोडीनयुक्त मिठाचे पाकीट शोधून घ्यावे. अर्थात मीठ जास्त खावे असा याचा अर्थ नाही. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, ही मर्यादा लोणचे, पापड आणि झटपट नूडल्सवर राहणारे मूल सहज ओलांडते.

आणि भाताविषयी एक इशारा. रविवारी पातेलेभर भात शिजवून तो ओट्यावर ठेवायचा आणि तीन दिवस खायचा, ही विद्यार्थ्यांची रीत धोकादायक आहे. शिजलेला भात खोलीच्या उबेत राहिला की त्यात विषारी द्रव्य तयार करणारे जंतू वाढतात आणि ते द्रव्य पुन्हा गरम केल्याने जात नाही. तासाभरात निववून फ्रीजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा. डाळ, उसळ, कालवण मात्र लहान डब्यांत भरून खुशाल गोठवावे.

बॅगेत काय द्यावे

लाडू-चकलीला आमचा विरोध नाही. परक्या खोलीत पहिल्या रात्री डबा उघडल्यावर जो घरचा वास येतो त्याचे मोल आम्ही जाणतो. पण नियम माहीत असावेत. युरोपीय संघाच्या देशांत भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप, पेढे, खवा त्यात आले. गंमत म्हणजे मासळीला काही मर्यादेत मुभा आहे. म्हणजे जर्मनीच्या विमानतळावर आजीचे पेढे अडतील आणि सुके बोंबील पार होतील! ऑस्ट्रेलियात प्रत्येक खाद्यवस्तू कागदावर जाहीर करावी लागते आणि लपविल्यास मोठा दंड होतो. नियम बदलत असतात म्हणून निघण्याच्या आठवड्यात त्या त्या सरकारच्या संकेतस्थळावर पाहावे.

लहान प्रेशर कुकर, मसाल्याचा डबा, एक चांगली सुरी आणि मोजून लिहिलेली दहा पाककृतींची वही ही शिदोरी आम्हांस पाच किलो फराळापेक्षा मोलाची वाटते. ‘अंदाजाने घाल’ असे वहीत लिहू नये. अंदाज हा वीस वर्षांच्या हाताला असतो. पोळी गोल लाटता आली नाही तरी काही बिघडत नाही, गव्हाचा पाव सर्वत्र मिळतो. वरण, एक उसळ, एक पालेभाजी, अंड्याची आमटी आणि माशाचे कालवण इतके हाताखाली आले, की मूल उपाशी राहात नाही. मुलालाही हे आले पाहिजे, केवळ मुलीला नव्हे.

एकत्र जेवण्याच्या जागा

सेमिनरीत शिकलेल्या कुणालाही विचारा, तेथे घंटा वाजली की जेवायला बसावेच लागते. रोमला उच्च शिक्षणासाठी गेलेले धर्मगुरू पास्त्याची थट्टा करतात, पण त्यांची प्रकृती सहसा बिघडत नाही, कारण वेळ आणि सोबत ठरलेली असते. विद्यापीठातल्या मुलाला ही घंटा कोण वाजविणार?

तशी सोय आपल्या ख्रिस्तसभेने फार पूर्वीपासून केलेली आहे. १८९३ साली फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कॅथलिक विद्यार्थ्यांचे पहिले न्यूमन मंडळ स्थापन झाले. आनंदीबाई त्याच शहरातून सात वर्षांपूर्वी पदवी घेऊन निघाल्या होत्या. आज अमेरिकेतील कितीतरी विद्यापीठांत अशी न्यूमन केंद्रे आहेत, इतर देशांतही विद्यापीठांचे कॅथलिक धर्मगुरू असतात आणि अनेक ठिकाणी रविवारच्या मिस्सेनंतर विद्यार्थी एकत्र जेवतात. तेथे केवळ कॅथलिकांनाच प्रवेश असतो असे नाही. लंडनमध्ये के. टी. पॉल यांच्या पुढाकाराने १९२० साली भारतीय विद्यार्थ्यांसाठी वायएमसीएचे वसतिगृह सुरू झाले ते याच जाणिवेतून, आणि फिट्झरॉय चौकातील त्याच्या भोजनगृहाशी अनेक पिढ्यांच्या आठवणी जोडलेल्या आहेत. १९३२ पासून लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ आहे. गुरुद्वाराच्या लंगरात कुणालाही जात-धर्म विचारीत नाहीत. अडचणीच्या दिवशी तेथे जेवून येण्यात आपल्या मुलांना कमीपणा वाटू नये, हे आपणच त्यांना सांगितले पाहिजे.

घरातही हे करता येते. चौघे एका घरात राहात असतील तर प्रत्येकाने आठवड्यातून एक-दोन दिवस सर्वांसाठी शिजवावे. खर्च घटतो आणि एकट्याने मोबाईलकडे पाहात जेवण्याची वेळ येत नाही.

उपवासाविषयी मुले कधी कधी विचारतात. आधीच एकवेळ जेवणाऱ्या, रात्रपाळी करणाऱ्या विद्यार्थ्याने प्रायश्चित्तकाळात स्वतःवर आणखी कडक नेम लादून घेऊ नयेत. सभेच्या नियमाप्रमाणे उपवास राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार या दोनच दिवशी बंधनकारक आहे, तोही १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत. आजारी माणसाला तर त्यातूनही सूट आहे. ज्याचे ताट आधीच रिकामे आहे त्याने प्रायश्चित्तासाठी दुसरे काही निवडावे. भांडलेल्या खोलीसोबत्याला जेवायला बोलावणे हेही चालेल.

पालकांनी फोनवर ‘जेवलास का?’ असे विचारू नये. त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ असेच येते. ‘आज काय शिजवलेस? कोण कोण होते जेवायला?’ असे विचारावे. उत्तर अडखळले तर समजावे. पैसे कमी पडतात का, हेही सरळ विचारावे आणि उत्तर ऐकून घेताना कर्जाचा उल्लेख करू नये.

धर्मग्रामांसाठी आमची सूचना साधी आहे. महिला मंडळाने वर्षातून दोनदा, परदेशी निघणाऱ्या मुलामुलींसाठी सभागृहाच्या स्वयंपाकघरात एक दुपार ठेवावी. शिजविणारी मुलेच असावीत, मावश्यांनी आणि आज्यांनी हात मागे बांधून केवळ सांगावे. तिकडे आधी गेलेल्या एखाद्या ताईने किंवा दादाने दुकानातील फळ्या मोबाईलवरून दाखवाव्यात, म्हणजे कोणत्या पिठाला काय म्हणतात, स्वस्त डाळ कोठे मिळते हे कळेल. एखाद्या डॉक्टर भगिनीने रक्ततपासणीविषयी बोलावे. बाप्तिस्म्याच्या दाखल्याबरोबर त्या शहरातील विद्यापीठाच्या कॅथलिक धर्मगुरूंचा पत्ताही शोधून द्यावा, म्हणजे पहिल्याच रविवारी मूल तेथे पोहोचेल. ऑगस्ट-सप्टेंबरच्या सत्रासाठी निघणाऱ्यांकरिता जूनमधला रविवार धरावा आणि जानेवारीच्या सत्रासाठी नोव्हेंबरमधला. नंतरच्या आठवड्यांत व्हिसा, तिकीट आणि खरेदी यांच्या धावपळीत कुणीही यायला मोकळे नसते.